सळाखीवरची खूण

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर एक आलूबोंडा खाल्ला. बसस्टँडसमोरच्या गाड्यावर, उभ्यानं. फुलाची चप्पल शिवायला टाकली होती, ती होईपर्यंत वेळ होता. फुला म्हणजे पंचफुला, माझी बायको. बोंड्याचे दोन तुकडे करायचं काम तिचं, मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचं कामही तिचंच, आणि मग माझ्या कागदावरची तळलेली मिरची उचलून न्यायची, हेही तिचंच. मी म्हटलं, "माही मिरची ठेव तथी." ती म्हणाली, "तुमाले मूळव्याध हाये, मले नाही." गाड्यावरच्या चार लोकांना ऐकू जाईल अशी म्हणाली. लोक हसले. मी फुगलो. एवढंच झालं. चप्पल घेतली, तिनं पायात घातली, टाच आपटून पाहिली आणि आम्ही घराकडे निघालो. तिच्याशी बोलायला माझ्याजवळ अजून दोनशे पावलं होती, ती मी मिरचीवर फुगून घालवली...

जुन्या गोदामाच्या भिंतीपाशी आलं की फुला फुटपाथवरून खाली उतरायची. कितीक वर्षं मी हे पाहत होतो. पंधरावीस पावलं रस्त्यानं चालायची, गाड्या अंगावर आल्या तरी चालायची, आणि पुढं नालीच्या पुलाशी पुन्हा वर चढायची. "काहून उतरतं वो?" मी विचारायचो. "असंच," ती म्हणायची. मला वाटे, बुढीचं डोस्कं फिरलं. त्या दिवशीही ती उतरली. मागून सोयाबीनचा ट्रक आला, हॉर्न दाबत. मिरचीचा राग माझ्या डोक्यात होताच. "मराचं हाये का तुले?" म्हणून मी तिचा दंड धरला आणि तिला वर ओढलं. तिनं पाय मागं घेतला. हे मला चांगलं आठवते. तिनं पाय मागं घेतला आणि मी आणखी जोरानं ओढलं. "तथी नोको..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. काँक्रीटचा तुकडा पापडासारखा मोडला, तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि ती मागं पडली ती काठाच्या दगडावर. तो आवाज मी इथं लिहीत नाही. डोक्यातून रक्त आलं. ते रक्त नालीकडे गेलं नाही, तिथंच साचलं. फुटपाथला नालीकडे उतार द्यावा लागतो, तो दिलेला नव्हता. गवंडी माणसाला बायकोच्या रक्तातही हे दिसते, त्याला मी काय करू?

वाशीमला दवाखान्यात नेलं. तिथं ती दोन दिवस होती. डोळा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

मी चौथी शिकलो. फुलानं तर शाळेची पायरीही पाहिली नव्हती. शेलूबाजारकडची पोरगी, लग्न होऊन आली आणि आठव्या दिवशी डोक्यावर घमेलं घेतलं. मी थापी धरायचो, ती माल वाहायची. सुरुवातीच्या वर्षांत एक जुने इंजिनिअर साहेब होते, कडक माणूस. त्यांनी एकदा सळाखीचा वीतभर तुकडा घेतला, त्यावर चार इंचांवर कानशीनं खूण केली आणि बाकी सगळ्या गड्यांना सोडून तो फुलाच्या हातात दिला. म्हणाले, "बाई, हे लोक मले फसवतात, तू नाही फसवणार. माल टाकला की ही टोचायची. खूण बुडली तर काम बरोबर. खूण वर राह्यली तर मले सांगजो." झालं... त्या दिवसापासून फुला काँक्रीटची मालकीण झाली. सळाख कमरेला खोचलेली. खाली मुरूम टाकला की धुम्मस मारून तो ठोकला का, ते ती पायानं पाहायची. टाच आपटायची, आवाज ऐकायची. "पोकय हाये," म्हणायची, आणि गड्यांना पुन्हा ठोकायला लावायची. किती फुटांवर जोड ठेवायचा, वरून खराटा काहून मारायचा, म्हणजे पावसात माणूस घसरत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. कागदावरचा एक शब्द वाचता येत नव्हता, पण नगरपरिषदेचा नियम तिच्या कमरेला होता.

आणि पाणी मारायचं काम तर तिचंच. माल टाकला की दुसऱ्या सकाळपासून ओले बारदाने अंथरायची, दिवसातून तीनदा भिजवायची, सात सात दिवस. त्या सात दिवसांत तिच्या फुटपाथवर कोणी पाय ठेवला तर त्याची खैर नव्हती. बकऱ्यांना ती गिट्टी फेकून मारायची आणि तिचा नेम चुकत नव्हता. एकदा एक पुढारी फटफटी घेऊन ताज्या कामावर चढला. फुलानं ओला बारदाना उचलला आणि फटकन त्याच्या तोंडावर हाणला. पांढरे कपडे, सारा चिखल. "कोन हाये मी, माहीत हाये का तुले?" तो ओरडला. "कोनंही अस," फुला म्हणाली, "सात दिवसांनं ये." तेव्हा मी हसलो होतो. गावभर सांगत फिरलो होतो...

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मारोती मुकादमाच्या घरी गेलो. गोदामाकडचं काम त्याच्याच हाताखाली झालं होतं, हे मला ठाऊक होतं. तो माझ्याहून लहान, पण आता त्याचेही केस पिकले. ओसरीत चहा पीत होता. त्याच्या कपाकडे माझा हात गेला आणि तोच त्याच्या तोंडावर फोडला. मग खाली पाडून मारलं. छातीवर बसलो आणि मारलं. सत्तरीचा माणूस मी, टोंगळे गेलेले, गुडघ्यांत जोर नाही, पण त्या दिवशी अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. त्याची सून रडत होती, पोरं मला ओढत होती. मला मारोतीचा जीव घ्यायचा होता. उगीच सांगत नाही, घ्यायचाच होता. तो मात्र हात उचलत नव्हता. ओठ फाटलेला, दात लाल. पोरांनी मला उपटून काढलं तेव्हा तो बसता झाला आणि म्हणाला, "मारा मिस्त्री, अजून मारा. म्या सांगतलं होतं, तुमी केलं होतं. तो तुकडा कोनाच्या हातचा हाये, जाऊन पाह्यून या."

मी म्हटलं, खोटं बोलते हा. माझ्या हातचं काम मला कळत नाही? आयुष्यभर या गावात फुटपाथ टाकले, दहा ठेकेदारांचे, कोणता कुठला ते एकेक लक्षात नाही, हे खरं. आणि गोदामापाशी तर किती वर्षं पानाची टपरी होती, नवी भिंत झाली, सारं बदललं. तरी दिवस मावळायच्या आत फुलाची सळाख घेऊन गेलो. मोडलेल्या जागी दोन दगड आणि एक फांदी ठेवलेली. रक्ताचा डाग काळा पडलेला. मी खाली बसलो. फुटलेल्या काठाला सळाख लावली... खूण दोन बोटं वर. खाली मुरूम नव्हताच, नालीच्या पाण्यानं वाहून गेलेला, नुसती पोकळी. मग जिथं टपरी उभी होती, जिथं कोणाचा पाय लागला नव्हता, तिथली माती हातानं झाडली. खराट्याच्या रेघा जशाच्या तशा होत्या. उजव्या हाताचा गवंडी खराटा ओढतो तेव्हा रेघेचं टोक रस्त्याकडे वळते. या रेघा भिंतीकडे वळत होत्या. गावात डावखुरा गवंडी एकच. मी.

मग सगळं आठवलं. त्या कामाच्या दुसऱ्याच दिवशी उद्घाटन होतं, मंडप पडला होता आणि माल कमी होता. मारोती म्हणाला, "मिस्त्री, काठाले चार दिसू द्या, मधात दोनावर आना. मुरूम नुसता पसरा, ठोकाले वेळ नाही." मी हो म्हटलं. मला कोणी धमकी दिली नव्हती. मी नुसतं हो म्हटलं. फुलानं घमेलं ओतलं, सळाख टोचली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "काहो, खूण वर हाये. हे फुटन. कोनाचा तरी पाय जाईन आत." मारोती हसला, "मिस्त्री, तुमची बायको इंजिनिअर कवा झाली?" गडी हसले. मी उठलो आणि तिच्या थोबाडीत मारली. डाव्या हातानं, मालानं भरलेल्या. ती दोन पावलं मागं गेली, पडली नाही. तिनं सळाख पुसून कमरेला खोचली, घमेलं उचललं आणि माल आणायला गेली. गालावरचं सिमेंट तिनं दिवसभर पुसलं नाही. माझी पाच बोटं तिच्या गालावर वाळली, पांढरी. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं ती खरडून काढली आणि भाकरी टाकायला बसली.

त्यानंतर तिनं माझ्या कामात सळाख कधी टोचली नाही. दुसऱ्यांच्या कामात टोचायची. मला वाटलं, बाई सुधारली. मला बरं वाटलं होतं, हेही लिहितो. काम सुटल्यावर सळाख परसात गेली. वांग्याची, मिरचीची रोपं लावायला त्याच सळाखीनं ती भोकं पाडायची. आणि गोदामाची भिंत आली की फुटपाथवरून खाली उतरायची. मी विचारलं की, असंच. कोणाच्या हातचं काम आहे ते तिला ठाऊक होतं. सांगितलं तर काय होते, तेही ठाऊक होतं. एका थापडीनं मी तिचं तोंड इतकी वर्षं बंद केलं, आणि मग तिचा हात धरून त्याच जागी ओढत नेलं. लोक म्हणतात, अपघात झाला. मी लिहून देतो, अपघात नव्हता.

त्या संध्याकाळी घरी आलो तर पोरगी, वर्षा, म्हणाली, "बाबा, सकाळी पंचनामा हाये. तुमी काही बोलू नोका. सारं गाव आपल्या बाजूनं हाये. मारोती काका अडकतेच आता." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिला काय सांगू? तिची माय गेली होती. आता बापही न्यायचा का तिच्यापासून... घण कुठं ठेवला होता तो शोधत बसलो.

सकाळी गोदामापाशी गर्दी होती. हवालदार, नगरपरिषदेची एक तरुण इंजिनिअर बाई, हातात टेप आणि फाइल, आणि बाजूला मारोती, तोंड सुजलेलं. मला पाहून लोकांनी वाट दिली. कोणी माझ्या खांद्यावर हात ठेवला, कोणी मारोतीला शिव्या दिल्या. बाई फाइल वाचत होती. चार इंच जाडी, खाली ठोकलेला मुरूम, नालीकडे उतार. फुलाच्या तोंडचंच सारं, फक्त शुद्ध भाषेत. मी घण उचलला आणि टपरीच्या जागेवर घातला. एका घावात तुकडा बसला. दुसरा घातला. तिसरा. "अबे थांबा, बुढेबा!" हवालदार ओरडला. मी थांबलो नाही. जितका तुकडा माझ्या रेघांचा होता तितका फोडला. गिट्टीचा चुरा तोंडावर उडत होता, हाताची कातडी निघाली, घणाच्या दांड्याला रक्त लागलं. मी प्रत्येक घावाला शिवी देत होतो, आणि लोकांना वाटत होतं मारोतीला देतो. दम संपला तेव्हा बाई जवळ आली. "काका, मोजू द्या," हळूच म्हणाली. टेप लावला. दोन इंच आणि थोडं. "हे काम कोणी केलं होतं?" तिनं मारोतीला विचारलं.

मारोती खाली पाहत होता. वर्षा गर्दीतून माझ्याकडे पाहत मान हलवत होती, नोको, नोको.

मी डावा हात वर केला. "म्या," म्हटलं. "यानं सांगतलं, म्या केलं. बायको नाही म्हणत होती, तर तिले इथंच मारलं, याच हातानं. चार दिवसांआधी तिले वढलंही म्याच. लिहा." बाईचा पेन थांबला. ज्यानं खांद्यावर हात ठेवला होता तो मागं सरकला. वर्षानं तोंडावर पदर घेतला. हवालदारानं दोनदा विचारलं आणि दोनदा मी तेच सांगितलं. मग अंगठा नाही, सही केली, चौथीत शिकलो तशी. माझ्या कमरेला खोचलेली सळाख पाहून बाई म्हणाली, "काका, ही मोजमापाची आहे का? पंचनाम्यात जमा करावी लागेल." मी म्हटलं, "माहं नाव घ्या, हात घ्या, घण घ्या. सळाख तिची हाये. ती मी देत नसतो." हवालदार पुढं आला. बाईनं त्याला हातानं थांबवलं.

बोलावलं की ठाण्यात यायचं, असं सांगून मला सोडलं. घरी आलो तर वर्षा माझ्या आधीच आत जाऊन दार लावून बसली होती. मी परसात गेलो. फुलानं वांग्याची रोपं ओल्या बारदान्याखाली झाकून ठेवली होती. चप्पल आणली की लावू, म्हणाली होती. काही सुकली होती, काही जगत होती. जमीन भिजवली. टोंगळ्यावर बसलो आणि पहिल्या रोपासाठी सळाख मातीत टोचली. खूण वर राहिली. उपसली, पुन्हा जोर लावला, दोन्ही हातांनी... खूण बुडली. मग सरी धरून एकेक भोक पाडत गेलो, प्रत्येकाला वाकून पाहत, बुडली का.