डॉक्टरांच्या गाडीची खडखड

गॅरेजात गाडी सोडून सरळ घरी जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बॉनेट उघडलं की मालक बाकावर बसतो, "झालं का?" म्हणून दहादा विचारतो आणि मधल्या वेळात काहीतरी सांगत राहतो. गाडी घेऊन तो जातो, सांगितलेलं मात्र आमच्याकडंच राहतं. असे किती किस्से साठले असतील, देव जाणे! पण कुणी "सांगा" म्हटलं की मला आधी आमच्या सांगलीच्या डॉक्टरांची छोटी विलायती गाडी आठवते. तिच्या पुढच्या अंगातल्या एका खडखडीनं आम्हाला वर्षभर नाचवलं होतं.

*

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. माझं गॅरेज नवं होतं आणि मला चांगला फिटर हवा होता. अशात फौजेच्या वर्कशॉपातून सुटून आलेला ज्ञानू दारात उभा राहिला. कडेगावकडचा गडी, हात सोन्याचे, पण तोफांच्या शेजारी राहून दोन्ही कान मंद झालेले. त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागे. मोटारीचं दुखणं आवाजावरून ओळखायचं, आणि याला ऐकूच येत नाही! मी नाही म्हणणार, तेवढ्यात डॉक्टरांची गाडी आत आली.

"वसंतराव, खड्डा आला की पुढून खडखडतंय. डावीकडून की उजवीकडून, तेही कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

मी कान लावला, काही कळेना. ज्ञानूनं मला पुढचा मडगार्ड दाबून गाडी हलवत राहायला सांगितलं. मग कोपऱ्यातली एक काठी उचलली, तिचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला टेकवलं आणि दुसरं टोक सरळ दातांत धरलं! चार ठिकाणी काठी टेकवून झाल्यावर त्यानं डाव्या चाकामागं बोट ठेवलं. "हितं."

डॉक्टर मोठ्यानं ओरडले, "अरे, पण हा प्रकार काय?"

"आवं साब, कान लढाईत गेलं. दात हायती की अजून!"

त्या दिवसापासून ज्ञानू कामाला लागला.

*

जागा बरोबर होती. स्प्रिंगचे पाटे गाडीला जिथं टांगलेले असतात, तिथं एक मोठा बोल्ट असतो आणि त्याच्याभोवती रबराचं बुश. रस्त्याचे सगळे दणके आधी ते बिचारं खातं. ज्ञानूनं बोल्ट काढला, तर तळहातावर काळा भुगा पडला.

"ह्ये रबर हुतं. आता निस्तं नाव ऱ्हायलंय."

लढाईमुळं विलायती माल मिळत नव्हता. मी मुंबईच्या एका दुकानाला पत्र घातलं: असं असं बुश पाहिजे, असेल तर पाठवा. महिन्याभरानं जाड पाकीट आलं. आम्ही सगळे गोळा झालो. आत बुश नव्हतंच, रंगीत कॅटलॉग होता! पान चौदावर आमच्या बुशाचं सुरेख चित्र, आणि खाली 'सध्या शिल्लक नाही'.

ज्ञानूनं चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"लय झ्याक हाय. कापून बसवू का?"

*

मग आम्ही स्वतःच शोध लावायला लागलो. ज्ञानूनं गावाकडून जुन्या मोटेचं कातडं आणलं. वर्षानुवर्षं विहिरीतलं पाणी ओढलेलं, जाड आणि चिवट. त्याच्या चकत्या कापल्या, डॉक्टरांच्याच दवाखान्यातल्या एरंडेलात चार दिवस मुरवल्या आणि बोल्टाभोवती घट्ट बसवल्या. खडखड बंद! डॉक्टर इतके खूश, की स्वतः पेढे घेऊन आले.

आठ दिवसांनी परत आले ते चेहरा पाडून.

"आवाज नाही रे. पण कुत्री मागं लागतात!"

आम्हाला पटेना. म्हणून मी त्यांच्याबरोबर पलूसला गेलो. वेशीपाशी दोन कुत्री आली, देवळापाशी पाच झाली. पेशंटच्या दारात डॉक्टर बॅग घेऊन उतरले, तर सगळी कुत्री त्यांना सोडून गाडीच्या डाव्या चाकाभोवती बसली, पंगतीला बसल्यासारखी. घरातली माणसं आधीच ओसरीवर येऊन उभी होती.

मी विचारलं, "आम्ही येतोय हे तुम्हाला कसं कळलं?"

पेशंटचा भाऊ म्हणाला, "न कळाया काय झालं? गावातली कुत्री वेशीकडं पळाली, तवाच आमी च्याला आधण ठेवलं!"

*

कातडं काढलं. पिठाच्या गिरणीतला टाकून दिलेला पट्टा मिळाला. कापड आणि रबर एकावर एक चिकटवलेला, हवा तसा. त्याच्या चकत्या मात्र बसल्या त्या बसल्याच. तीन महिने गाडी गप्प होती.

एक दिवस डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, दोघेही गाडीतून उतरले. काकूंचं माहेर साताऱ्याचं, तिथूनच परत येत होते.

"पुन्हा आवाज!" डॉक्टर म्हणाले. "साताऱ्यापासून ऐकतोय. खड्डा आला की खडखड!"

ज्ञानूनं काठी लावली. सगळीकडं लावली. मान हलवली. "गाडी गप हाय."

"म्हणजे मला भास होतो?"

मग आम्ही चौघं गाडीत बसून मिरजेच्या रस्त्यावर निघालो. पहिल्याच खड्ड्याला मला स्पष्ट ऐकू आलं, खडखड! मी पाय ठेवायची फळी दाबून पाहिली, दार धरून पाहिलं, ज्ञानूनं सीट उचलून पाहिली. खड्डा आला की आवाज आहेच. आमची अक्कल संपली.

काकू मागं बसून कान देऊन ऐकत होत्या. त्या मागून म्हणाल्या, "अहो, जरा तोंड घट्ट मिटून चालवा बघू."

डॉक्टरांनी तोंड मिटलं. खड्डा आला. आवाज नाही! दुसरा खड्डा आला. नाही!

डॉक्टरांनी साताऱ्याहून नवी कवळी करून आणली होती.

काय झालं ते मी ज्ञानूला कानात ओरडून सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "बुश ढिला हाय खरा. पर त्ये काम आपल्या गॅरेजातलं न्हाई."

*

आता गाडी वाटेत अडली त्या दिवसाचं सांगतो.

सकाळी एक माणूस रात्रभर सायकल मारत डॉक्टरांकडं आला. कडेगावच्या अलीकडं एका वस्तीवर त्याची बहीण अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. डॉक्टरांनी मला आणि ज्ञानूला वाटेवरून उचललं, कारण रस्ता म्हणजे नुसती गाडीवाट होती. तो माणूस काकुळतीनं पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बेगीनं चला, आवं, बेगीनं चला!"

वस्ती तीन मैलांवर राहिली आणि पुढून मोठा दणका बसला. गाडी डाव्या अंगावर कलली. उतरून पाहिलं, तर पाट्यांचा तो टांगायचा बोल्टच गळून पडलेला! नट कधी निघाला कुणास ठाऊक. चाक मडगार्डला घासत होतं. गाडी एक हात पुढं जाईना.

"मी चालत जातो," म्हणून डॉक्टरांनी बॅग उचलली. साठी ओलांडलेला माणूस, दम्याचा विकार. शंभर पावलांत ते खाली बसले. सायकलवरून आलेला भाऊ रडायलाच लागला.

आम्ही मागं फर्लांगभर फुफाटा चाळला. शेजारच्या उसातली माणसं धावून आली, बायका आल्या, सगळी वाकून बोल्ट शोधायला लागली. मिळेना.

एका म्हाताऱ्यानं ज्ञानूला ओरडून विचारलं, "कसा असतुया त्यो?"

ज्ञानूनं अंगठा दाखवला. "एवढा जाड, वीतभर लांब. टोकाला बारीक आटं."

म्हातारा बांधावरच्या आपल्या खोपटाकडं गेला. आम्ही मागोमाग गेलो. देवाच्या फळीवर टाकांच्या रांगेत शेंदूर माखलेलं काहीतरी उभं होतं. म्हाताऱ्यानं त्याला नमस्कार केला आणि उचललं.

त्याची बायको आडवी आली. "आवं, देव हाय त्यो!"

"व्हय," म्हातारा म्हणाला. "आज गाडीत बसंल."

ज्ञानूनं धोतराच्या सोग्यानं शेंदूर पुसला. खाली बोल्ट होता. त्यावर नटसुद्धा होता! गाडी जॅकवर घेतली, पाटे जागेवर आणले. बोल्ट असा सरकन आत गेला, जणू याच गाडीचा. आट्यावर आटा बसला. ज्ञानूनं नट आवळला.

आम्ही वेळेत पोचलो. दुपारी मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप.

चार दिवसांत आम्ही लेथवर तसाच बोल्ट कातून गाडीला बसवला आणि म्हाताऱ्याचा परत द्यायला गेलो. त्यानं तो धुतला, शेंदूर लावला, फळीवर होता तिथं ठेवला. मग आम्हाला गूळ-पाणी दिलं.

मी विचारलं, "तुमच्या या वाटेवर आधी मोटार कधी आली होती?"

"कवाच न्हाई. तुमची पयली."

ज्ञानूला मी ते ओरडून सांगितलं. तो उठून फळीपाशी गेला. मग त्यानं विचारलं, "मंग ह्यो घावला कुनाला?"

"माज्या आज्याला," म्हातारा म्हणाला. "ह्या रानात पयला नांगर घातला, तवा."