पश्चिमेच्या भिंतीचं खुराडं

वडील गेल्यावर आईला मी रेणापूरजवळच्या गावातून लातूरला आणलं. तिनं सोबत कपड्यांची एक पिशवी घेतली आणि टोपलीत पाच कोंबड्या. एसटीत ती टोपली मांडीवर धरूनच बसली होती.

घरामागं जागा थोडी. मोटारसायकल लावायला अडचण नको म्हणून मी पश्चिमेच्या भिंतीला लागून खुराडं केलं. तीन बाजूंनी पत्रा, वर पत्रा, पुढं जाळीचं छोटं दार. आई बघून म्हणाली, "लई कोंदट झालंय. पंख झटकायला बी जागा न्हाई."

"शहर हाय आई हे. इथं एवढंच जमतंय."

तिनं एकेक कोंबडी उचलून आत सोडली.

मे महिन्यात ती दोन दिवस कंधारला मावशीकडं गेली. सकाळी दाणापाणी करून मी दाराला कडी घातली आणि कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर पाण्याचं भांडं कलंडलेलं. दुपारभर उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लागला तसा चटका बसला. तीन कोंबड्या चोची उघड्या टाकून मरून पडल्या होत्या. उरलेल्या दोघी जाळीला चिकटून धापा टाकत होत्या.

मांजर आलं होतं, असं आईला सांगावं असं मनात आलं. पण ती समोर आल्यावर खोटं बोलवेना. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं. "दुपारचं दार उघडं ठेव म्हणून मीच सांगाया पायजे व्हतं," एवढंच म्हणाली. तिनं दोष स्वतःकडं घेतला, ते मला फार लागलं.

शेजारी एक वयस्कर मुसलमान सुतार राहतात. त्यांना मी बोलावलं. खुराड्यात हात घालून ते म्हणाले, "हवा कुठून येणार इथं? गाडीसाठी जागा सोडली तुम्ही, जनावरासाठी न्हाई."

मग आम्ही तिघांनी जागा परत आखली. पूर्वेला, पेरूच्या सावलीत. दोन बाजूंना जाळी, बसायला आडवी काठी, आईला वाकून आत जाता येईल एवढी उंची आणि समोर फिरायला मोकळी माती. गाडी मी रस्त्यावर लावू लागलो.

तरी त्या दोघी कितीतरी दिवस आपण होऊन आत जाईनात. आई रोज त्यांना उचलून काठीवर बसवायची आणि पाठीवर हात ठेवून थांबायची.

महिन्याभरानं एकीनं अंडं घातलं. आईनं ते सुतारांच्या घरी नेऊन दिलं. परत येऊन पेरूखाली बसली आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल पहिल्यांदाच बोलू लागली. मी कामावर उशिरा गेलो.