आधी पाय दाखव

आज मी पीथमपुरात एका कारखान्याच्या फाटकावर दोन पायांवर उभा राहून गार्डांची ड्यूटी लावतो, ती हवालदार मारुती शितोळे यांची कृपा. कृपा सुखासुखी मिळाली असं मात्र नाही. माणूस फार छळायचा.

ते देवासचे आणि मी रघुजी, धारचा. आमच्या पलटणीत माळव्यातले आम्ही दोघेच, त्यातून ते माझे सेक्शन कमांडर. वाटलं होतं, जरा लाड होतील. कसले लाड! मैलोन्‌मैल चालून आलो की हवालदारसाहेब समोर गुडघे टेकून बसायचे आणि माळव्यात भावाला हाक मारतात तसं म्हणायचे, "भिया, बूट खोल. आधी पाय दाखव." एकेक बोट दाबून बघणार, ओला मोजा सापडला तर सात पिढ्यांचा उद्धार. सगळ्यांचे पाय पाहून झाल्याशिवाय स्वतःचे बूट काढायचे नाहीत आणि सगळे जेवल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. एकदा मी वैतागून म्हणालो, "तुमच्या देवासात एका गावाला दोन राजे होते ना, म्हणून तुम्हाला हुकूम सोडायची डबल सवय!" ते पोट धरून हसले आणि दुसराही बूट काढायला लावला.

पुढे आमची बदली बर्फातल्या चौकीवर झाली. तिथे कॅप्टन शार्दूल नावाचे नवे साहेब आले, नागपूरचे. माणूस लाखात एक. चढाईत सगळ्यांच्या पुढे, ओझंही आमच्याइतकंच. पण अधिकाऱ्याने कुरकुर करायची नाही, काही दुखलं तरी गिळायचं, असं त्यांचं मत. आम्ही पोरं त्यांच्यावर जीव टाकायचो, त्यामुळे आम्हीही गिळायला शिकलो. एका चढाईत माझ्या पायाची बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. पुढे साहेब मुकाट चालत होते, मग मी कशाला बोलतोय?

संध्याकाळी चौकीत पोचलो. हवालदारसाहेब माझ्याकडे येता येता मध्येच थांबले. कॅप्टनसाहेब टाचांवर चालताहेत, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. सरळ त्यांच्यापुढे जाऊन म्हणाले, "साब, बूट काढा."

हवालदाराने कॅप्टनला असं सांगायचं नसतं. शिवाय त्यांची नायब सुभेदारी अगदी तोंडावर आली होती आणि शिफारस याच साहेबांच्या हातात.

"मी ठीक आहे, मारुती. जवानांचं बघा."

"जवान तुम्हालाच बघतात, साब. तुम्ही पाय लपवलेत, तर उद्या ही सगळी पोरं लपवतील."

साहेबांनी क्षणभर विचार केला, मग खाली बसून बूट काढले. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. ते पाहिलं आणि मी न सांगता माझ्या नाड्या सोडल्या. माझी बोटं त्याहून वाईट होती. हवालदारसाहेबांनी मला एक सणसणीत शिवी घातली, स्वतःचा कोट उघडला आणि माझे दोन्ही पाय आपल्या उघड्या पोटाशी दाबून धरले. साहेबांचे पाय दुसऱ्या एका जवानाने तसेच धरले. बोटांत जीव परतायला लागला तशा असह्य कळा आल्या, मी लहान पोरासारखा रडलो. ते हलले नाहीत.

माझी बोटं वाचली, साहेबांचीही वाचली. सकाळी हवालदारसाहेबांना मात्र उठता येईना. आमच्या नादात ओले बूट त्यांच्या पायांतच राहिले होते, आणि त्यांचे पाय बघणारं आमच्यात कोणीच नव्हतं. दवाखान्यात उजव्या पायाची बोटं काढावी लागली. साहेबांनी शिफारस केली होती, पण पायच अधू झाल्यावर नायब सुभेदारी गेली ती गेलीच.

आता ते देवासात असतात. गेल्या दिवाळीत मी बसने गेलो होतो. यमुनाबाई, त्यांची बायको, फराळाचं देत होत्या. इतकी वर्षं जे विचारायचा धीर झाला नव्हता ते विचारलं. "त्या दिवशी तुमचे पाय बधिर झालेत, हे तुम्हाला कळलं नव्हतं का हो?"

"कळलं होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू आपले पाय काढून घेतले असतेस."

यमुनाबाई हातातली शेव तशीच धरून उभ्या राहिल्या. मला तर रागच आला. "साहेबांना सगळ्यांदेखत बूट काढायला लावलेत, आणि स्वतः लपवलंत?"

"हो. तेवढं चुकलंच माझं," ते म्हणाले. "तू नको करूस तसं. तुझ्या हाताखाली आता माणसं आहेत."

मी उठून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. एरवी ते कोणाला पाया पडू देत नाहीत, ओरडतात. त्या दिवशी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.