मोकळी सोडलेली ओळ

गेल्या वर्षीचा गुढीपाडवा आणि यंदाची कोजागिरी. दोन्ही वेळी एका बाईंचे कीर्तन मध्येच तोडले गेले; जबाबदार आमच्या डिंडोलीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांचे निवेदक.

समोरच्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या बाई बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू. पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्या मोशेचे, म्हणजे ज्यूंच्या आद्य प्रेषिताचे, कीर्तन मराठीत करतात. प्रत्येक ध्रुपदानंतर मान किंचित कलती करून थांबतात. पूर्वी तेथे त्यांची माणसे मागून ओळ म्हणत. काही वारली, उरलेली इस्राएलला गेली; बाई त्यांच्या ओळीपुरती जागा अजूनही मोकळी सोडतात.

पाडव्याला निवेदक म्हणाले, "मावशी विसरल्या वाटतं!" आणि टाळ्या वाजवून त्यांना खाली बसवले. मी अध्यक्षांना लेखी खुलासा केला. तरीही कोजागिरीला त्या थांबताच माइक बंद करण्यात आला.

"जाऊ द्या हो, वकीलसाहेब," घरी परतताना त्या मला म्हणाल्या. मी वकील नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. "मी कसली विसरते! आईचा आवाज ऐकत होते."

अध्यक्षांनी येत्या सभेत सर्वांसमक्ष उत्तर द्यावे: त्या ऐकत असताना माइक बंद करण्याचा अधिकार त्यांना कोणत्या नियमाने मिळाला?