जाळ्यातून सोडलेले मासे

लोक त्याला दयाळराव म्हणत. निम्मे कौतुकाने, निम्मे टिंगलीने. वडिलांकडून आलेल्या तळ्यात तो तीस वर्षे मासे वाढवत होता. जाळे ओढले की मोठे मासे टोपलीत जात आणि लहान पुन्हा पाण्यात. "लेकरांना मारू नये," म्हणत तो त्यांना ओंजळीतून हलकेच सोडी.

अलीकडे मात्र टोपलीचा तळ झाकेना. त्याने खाद्य वाढवले, गाळ उपसला, तरी मासे अंग धरीनात. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीने मत्स्यखात्यातल्या बाई आल्या. त्यांनी एक वीतभर मादी उचलून पोट चिरले. आत अंडी गच्च भरलेली.

"ही तर पिल्लू आहे," तो म्हणाला.

"पिल्लू कसलं? वयात आलेली आहे. अंडी धरायला मोठं होईपर्यंत थांबणाऱ्या होत्या, त्या आधीच तुमच्या टोपलीत गेल्या. घाई करणाऱ्या उरल्या, त्यांचीच ही वंशावळ. सगळा जोर अंड्यांत गेल्यावर अंग कुठून वाढणार?"

"मग मी जीवदान दिलं ते कुणाला?"

बाईंनी चाकू पुसला. "आता उलटं करा. मोठे सोडा, लहान काढा. उशीर झाला नसेल, तर तळं सावरेल."

"तीस वर्षांनी अक्कल आली, तीही उसनी!" बायको म्हणाली.

त्या दिवसापासून पाण्याकडे पाहिले की त्याला वडिलांच्या वेळचे परातीएवढे मासे संथ फिरताना दिसत. हात घातला की काहीच नसे. त्यांतला एकेक त्यानेच कल्ल्यात बोट घालून बाहेर काढला होता.

मग एका सकाळी नवराबायकोने जाळे टाकले. लहान मासे त्याने टोपलीत भरले. त्यांची अंडी तळहाताला चिकटत होती आणि तो हात पुसत नव्हता. सहाव्या फेरीला एक हातभर लांबीची मादी आली. त्याने तिचे पोट चाचपले. सपाट होते.

"अजून थांबलीय," तो कुजबुजला आणि तिला पाण्यात सोडले.

"एकटी थांबून काय करणार ती?" बायकोने विचारले.

दुपार कलली, तरी तिच्या जोडीचा मोठा नर मिळाला नाही. तो पुन्हा कमरेएवढ्या पाण्यात उतरला. बायकोने पदर खोचला आणि जाळ्याचे दुसरे टोक धरले.