केसपेपरावरची हाव

मला साखरेचा आजार आहे, ही गोष्ट मला अकरा बायांच्या देखत कळली. त्याचा राग मला अजून आहे. नवऱ्याला सांगायच्या आधी, सासूपासून लपवायच्या आधी, मी स्वतः पदराने डोळे पुसायच्या आधी ती बातमी दवाखान्याच्या सतरंजीवर फिरत होती, आणि शेजारची रुखमाकाकू मागच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीला ती ओरडून सांगत होती.

माझं नाव शांता. (हसू नका. बारशाला मला कोणी विचारलं नव्हतं.)

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. आमचं गाव मेहकरपासून सहा मैलांवर, आणि गावातल्या दवाखान्यात थेट पुण्याकडचा तरुण डॉक्टर आला. येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच त्याच्या डोक्यात कल्पना सुरू. पथ्य तेच, सूचना त्याच, मग बारा जणींना बारा वेळा कशाला सांगायचं? म्हणून दर गुरुवारी साखरवाल्या, ब्लडप्रेशरवाल्या, गुडघेवाल्या, सगळ्यांनी एकत्र यायचं. एका सतरंजीवर बसायचं, एकमेकींसमोर तपासून घ्यायचं. आणि रोज सकाळी आवारातल्या कडुलिंबाखाली सगळ्यांनी मिळून कवायत करायची. नऊवारीत!

मी गेले होते ती पायाच्या अंगठ्यासाठी. बाभळीचा काटा रुतून दोन महिने झाले होते आणि जखम काही भरेना. डॉक्टरांनी माझी लघवी काचेच्या नळीत घेतली, त्यात निळं औषध घातलं आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळीच राहिली तर साखर नाही, हिरवी झाली तर थोडी, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. माझी नळी विटेसारखी लाल झाली.

"अवं माय," रुखमाकाकू म्हणाली, "शांतीची तं भट्टीच लागली."

डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि आवाज खाली आणून (म्हणजे बारा जणींना ऐकू जाईल इतकाच खाली) म्हणाले, "महिनाभरात साखर उतरली नाही, तर हा अंगठा अकोल्याला नेऊन काढावा लागेल."

मी घाबरले. पण एवढ्या बायांसमोर घाबरायचं कसं? म्हणून मी चिडले. माझं पहिल्यापासून तसंच आहे.

"तहान फार लागते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही, मी तहानेचं विचारतोय."

"हाव, हाव."

"बरं. चक्कर येते?"

"हाव."

"थकवा?"

"हाव म्हनलं ना!" मी इतक्या जोरात म्हणाले की बाहेर बांधलेली शेळी उठून उभी राहिली. डॉक्टरांनी घाईघाईने काहीतरी लिहिलं, कागद माझ्या हातात दिला आणि ते रुखमाकाकूकडे वळले.

आमचे हे पोस्टमास्तर. निम्म्या गावाची पत्रं ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि ती सवय इतकी मुरलेली की कुठलाही कागद त्यांना मनात वाचताच येत नसे. डॉक्टरांचं अक्षर मला लागेना म्हणून मी पोस्टात गेले, तेव्हा ओट्यावर चार माणसं बसली होती. यांनी माझा केसपेपर घेतला आणि सुरू केलं.

"नाव, शांताबाई. वय, चाळीस. मुख्य तक्रार..." इथे हे थांबले. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. "मुख्य तक्रार, हाव. कंसात, तीव्र."

चौघेही हसले.

"मानूस शिकेल हाय," हे म्हणाले. "एका भेटीत वळखलं."

आता आमच्या बोलीत हाव म्हणजे हो. दिवसातून शंभर वेळा आम्ही ते म्हणतो. पण कागदावर, शाईने, सहीनिशी लिहिलेली हाव म्हणजे हावच, खादाडपणा! माझ्या डोक्यात तेव्हा बोली आली नाही, शाईच आली. खाली उपचार लिहिले होते : अर्धी भाकरी, गूळ आणि गोड बंद, गोळी रोज, कवायत रोज. मला पुण्याचा माणूस खादाड म्हणतो काय? मी ठरवलं, महिनाभर अर्ध्या भाकरीच्या वर घास घ्यायचा नाही, नळी निळी करून दाखवायची आणि मग त्या डॉक्टरला लिंबाखाली उभा करून विचारायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवायतीला सगळ्यांच्या आधी मी हजर. डॉक्टरांनी मला पायामुळे स्टुलावर बसवलं. "तुम्ही बसून फक्त हात करा. आणि आकडे मोजा, तुमचा आवाज चांगला आहे."

मी मोजायला लागले. एकला हात वर, दोनला खाली. पण माझ्या डोक्यात ती हाव असायची, त्यामुळे विसावर थांबायचं ते मी साठावर जायचे. थांब म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. पंधरा दिवसांत रुखमाकाकू, जी गुडघ्याला हात लावून देवाचं नाव घेतल्याबिगर उठत नसे, ती उकिडवी बसून मिरचीची रोपं लावायला लागली. त्याचं श्रेय तिने मला दिलं का? नाही. म्हणाली, "शांतीच्या भेवानं गुडघे नीट झाले."

त्या कवायतीचा दुसरा ताप असा की बारा जणी एकमेकींवर पहारा ठेवायला लागल्या. एका बारशाला मी कोणाचं लक्ष नाही असं पाहून एक पेढा तोंडात टाकला. घरी येते तो दारात रुखमाकाकू.

"थुक."

"गियला."

"मंग गुरुवारी डॉक्टरसमोर सांगजो. नाई तं मी सांगतो."

गुरुवारी मला सगळ्यांसमोर तो पेढा कबूल करावा लागला. शाळेत बाकावर उभं केलं तेव्हाही मला इतका राग आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ऐंशीपर्यंत मोजलं.

आणि आमच्या बारा जणींतलीच जरीनाखाला. गावात घरोघर बांगड्या भरायची. तिच्या नवऱ्याचा पाय असाच, एका साध्या जखमेपायी गेला होता. ती रोज दुपारी न बोलावता यायची, कोमट पाण्याने माझा पाय धुवायची आणि बोटांच्या मधे कोरडं करून पट्टी बांधायची. मी ओरडायचे, "काऊन येतं वं खाला? मले का हात नाई?"

"गुस्सा बाद में कर. पयले पाय इकडे आन."

एक दिवस ती धाडच्या बाजाराला गेली म्हणून आली नाही, तर मी दुपारभर दार उघडं टाकून बसले. त्या दिवशी मला जो राग आला तो सगळ्यांत मोठा होता, कारण तो कोणावर काढावा हेच कळेना.

महिन्याच्या मुदतीतला शेवटचा गुरुवार आला. डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. खालाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिनेच भरलेली एक बांगडी पिचली. नळी उकळली. निळी ती निळीच.

डॉक्टरांनी अंगठ्याची पट्टी सोडली. खाली नवी, गुलाबी कातडी. "आता अकोल्याला जायचं काम नाही," ते म्हणाले, आणि अकरा बाया एकदम बोलायला लागल्या. मला रडू आलं. म्हणून मी चिडले आणि केसपेपर काढला.

"आता हे खोडा. मी हावरट हाय काय?"

"मी असं कुठे म्हणालो? तक्रार तुम्हीच सांगितलीत. तहान विचारली, तुम्ही हाव म्हणालात. चक्कर विचारली, तरी हाव. मला वाटलं, तुम्हाला तेवढंच सांगायचं आहे."

रुखमाकाकूने आपला कागद पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं. "माह्याबी कागदावर हाय का वं ते?"

मी पाहिलं. "हाव."

डॉक्टर दचकले. "आत्ता कोणाला सुटली?"

आधी खाला हसायला लागली, मग सगळ्याच, आणि सगळ्यांत शेवटी, कान लाल झालेले डॉक्टर. बाराही केसपेपर निघाले. बाराही जणींची मुख्य तक्रार हाव. डॉक्टरांनी पेन काढलं आणि एकेक खोडत सुटले.

माझ्या कागदाशी आले तेव्हा रुखमाकाकूने हात आडवा घातला.

"हिची हाव खोडा डॉक्टरसाहेब. कंसातलं राहू द्या."

"हाव," अकरा जणी एका सुरात म्हणाल्या. महिनाभर मीच त्यांना एका सुरात हात वर करायला शिकवलं होतं.

संध्याकाळी यांनी तो कागद ओट्यावर पुन्हा मोठ्याने वाचला. "मुख्य तक्रार, तीव्र." घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता बराबर झालं." मी यांच्याशी आठ दिवस बोलले नाही, आणि त्या आठ दिवसांत घरातल्या सगळ्यांचंच ब्लडप्रेशर उतरलं.