सूनबाईंचा अर्ज दप्तरी दाखल

सरकारी कचेरीत जन्म काढलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी साठतात. मुदत संपलेल्या फायली आणि लोकांचे किस्से. फायली रद्दीत जातात, किस्से जात नाहीत. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत कारकून होतो. नेमणुका, बदल्या, नामंजूर अर्ज, एवढंच माझं जग. निवृत्त झालो, सुटलो असं वाटलं. मग ऑकलंडला मुलाकडे आलो, तर घरातच एक अर्जदार!

माझी सून मारिसेल मनिलाची. तिथल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं केमिस्ट होती. निरंजन, माझा मुलगा, मनिलात प्रोजेक्टवर असताना दोघांचं जमलं, लग्न झालं. २०१४ साली कंपनीने त्याला ऑकलंडला पाठवलं तेव्हा तिने आपल्या लॅबमधून एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली आणि विमानात बसण्याआधी नवऱ्याला सांगितलं, ‘‘वर्षभरात तिथे लॅबमध्ये काम मिळालं नाही, तर मी परत येणार. तू यायचं की नाही, ते तू ठरव.’’

मी हिल्सबरोच्या त्यांच्या घरी पोचलो तेव्हा रजेचे पाच महिने संपले होते. तिने माझा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडचा नमस्कार असा. मी आशीर्वाद दिला आणि विचारलं, ‘‘काही काम मिळालं का?’’

ती म्हणाली, ‘‘बाबा, काम खूप आहे. नोकरी नाही.’’

*

निरंजनच्या कंपनीने परदेशातून आलेल्यांच्या बायकांसाठी एक स्वागताची पिशवी दिली होती. मी ती उघडून पाहिली. बागांचा नकाशा, योगवर्गाचं पत्रक, मंगळवारच्या कॉफीचं आमंत्रण आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत अशा बायकांना नाव दिलं होतं, ‘ट्रेलिंग स्पाऊस’. म्हणजे मागून फरफटत येणारी! आमच्याकडे ट्रेलर ट्रॅक्टरला लावतात. त्यात ऊस भरतात.

मारिसेल एका मंगळवारी कॉफीला गेली. तिथे बारा बायका. एक डेंटिस्ट, दोन वकील, एक पूल बांधणारी. सगळ्या मिळून मफिनवर आयसिंग कसं करायचं ते शिकल्या.

घरी आल्यावर निरंजन म्हणाला, ‘‘अगं, एवढं टेन्शन कशाला घेतेस? मी कमावतोय ना? एन्जॉय कर!’’

‘‘ठीक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘उद्यापासून तू एन्जॉय कर. पिशवी तिथे ठेवली आहे.’’

पुढचे दोन दिवस स्वयंपाक मी केला.

*

अर्ज म्हटल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. मी म्हटलं, पोरी, तू फक्त टाईप कर. मग मी तिचा बायोडाटा केला. वडिलांचं संपूर्ण नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, दोन फोटो. प्रत्येक प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. न्यू लिनच्या लायब्ररीत एक आजोबा बसतात, ते कागद मूळ प्रतीशी ताडून सही-शिक्का मारून देतात. फुकट! माझे डोळे भरून आले. एका परक्या देशात इतका सुरेख शिक्का!

एकूण एक्केचाळीस पानं झाली. वर लाल नाडी.

नोकरीचा सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या मुलीने ते बाड दोन्ही हातांनी उचललं. ‘‘लव्हली!’’ म्हणाली. ‘‘आता याची दोन पानं करा. फोटो नको, वडील नकोत, लग्न नको.’’

‘‘नऊ वर्षांचं काम दोन पानांत?’’ मारिसेलने विचारलं.

‘‘दीड पानात. उरलेल्या अर्ध्यात तुमच्या आवडीनिवडी. डोंगर चढणं, सेलिंग, असं काहीतरी. इथल्या माणसांना माणूस कळायला हवा.’’

मारिसेलने पेन घेतलं आणि आवडीच्या रकान्यात लिहिलं, ‘पाणी.’

*

आडनावाचा किस्सा तर मी माझ्या हातांनी नोंदवहीत लिहून ठेवला आहे, म्हणजे कुणी मला खोटं पाडायला नको.

मारिसेलचं माहेरचं आडनाव रेयेस, आमचं बापट. पहिलं वाचलं की फिलिपिनो, दुसरं वाचलं की भारतीय. तिने एकाच शैक्षणिक पात्रतेवर निरनिराळ्या कंपन्यांना अर्ज केले. निम्म्यांवर रेयेस लिहिलं, निम्म्यांवर बापट. प्रत्येक अर्जात ‘वॉटर केमिस्ट’ असं ठळक अक्षरात.

रेयेसबाईंना तीन फोन आले. तिघांनीही विचारलं, वृद्धाश्रमात काम करशील का? म्हाताऱ्यांना आंघोळ घालता येते का?

बापटबाईंना दोन फोन आले. दोघांनी विचारलं, कुठलं सॉफ्टवेअर येतं?

पाणी कुणालाच नको होतं!

*

आता परक्यांना किती नावं ठेवायची? आपलीही माणसं आहेतच. गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये गेलो होतो. मारिसेल पिवळी पैठणी नेसून, मोदकांचं ताट घेऊन सगळ्यांना वाढत होती. आमच्या ओळखीच्या एक वैद्यबाई आहेत. पुण्याच्या, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. नवं घर बांधलं आहे आणि त्यात बाथरूम किती आहेत ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. चार.

त्यांनी मारिसेलचा हात धरला. ‘‘किती गोड गं! तुमच्याकडच्या बायका घर अगदी चकचकीत ठेवतात म्हणे. आम्ही सिंगापूरला असताना आमच्याकडे एक होती. तू शुक्रवारी मोकळी असतेस का?’’

माझ्या हातातला मोदक हातातच राहिला. मी तोंड उघडणार, एवढ्यात मारिसेल मराठीत बोलली. दोन महिने ती माझ्याकडून रोज दहा शब्द शिकत होती, ते सगळे तिने त्या दिवशी खर्च केले.

‘‘काकू, शुक्रवारी येते ना. तुमच्या टाकीचं पाणी तपासते. टाकी तुम्ही घासून ठेवा!’’

वैद्यबाई हसल्या. हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण शेजारच्या पाच बायका आधीच हसत होत्या.

*

शेवटी एक मुलाखत आली. मोठ्या प्रयोगशाळेची. निरंजनने रजा टाकली, तिला गाडीने नेलं. मी मागच्या सीटवर, मनातल्या मनात अथर्वशीर्ष.

मुलाखत घेणारा म्हणाला, ‘‘मला ग्रेग म्हण.’’

मारिसेल म्हणाली, ‘‘येस, सर ग्रेग.’’

फिलिपिन्समध्ये वरिष्ठाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे आपल्याकडे तहसीलदाराला ‘ए दत्ता’ म्हणण्यासारखं. तिने प्रयत्न केला. पण प्रश्न आला की तोंडातून ‘सर’ निघायचाच. पाण्यातल्या जंतूंबद्दलचे सगळे प्रश्न तिने बिनचूक सोडवले. एका प्रश्नात तर सर ग्रेगचीच चूक तिने दाखवली, अर्थात ‘सॉरी, सर ग्रेग’ म्हणून.

आठ दिवसांनी ईमेल आलं. आमच्याकडे सगळे समान आहेत, वरचा-खालचा कुणी नाही. अशा मोकळ्या वातावरणात तुम्हाला अवघडल्यासारखं होईल असं आम्हाला वाटतं.

वा रे समानता! सगळे समान, फक्त कुणाला आत घ्यायचं ते ग्रेग ठरवणार. मी चौतीस वर्षं माणसांना साहेब म्हणत आलो. त्याने एकही साहेब मोठा झाला नाही आणि माझंही काही झिजलं नाही.

ईमेलच्या शेवटी एक ओळ होती. तुमची माहिती आम्ही फाईलवर ठेवत आहोत.

‘‘बाबा, फाईलवर ठेवणार आहेत!’’ मारिसेलच्या डोळ्यांत आशा दिसली. ‘‘म्हणजे पुन्हा बोलावतील?’’

आता तिला काय सांगू? आमच्याकडे साहेब एखाद्या अर्जावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारत. त्या अर्जाचं पुढे काय होतं, ते मला ठाऊक होतं. कपाट मीच लावायचो.

*

बाकीच्या नकारांचं कारण एकच. लोकल एक्स्पीरियन्स नाही. इथे काम केल्याचा अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. मी रागाने लाल झालो. रात्री जेवताना बरंच बोललो. हा कुठला न्याय, पाण्याचं रसायनशास्त्र देशोदेशी बदलतं का, वगैरे.

निरंजन भात कालवत म्हणाला, ‘‘बाबा, तुमच्या ऑफिसात बेळगावची एक बाई नोकरीसाठी यायची ना? स्थानिक रहिवासी दाखल्यासाठी तुम्ही तिला किती खेपा घालायला लावल्या?’’

सात. तिचं नावही मला आठवत नाही. ती शेवटी येईनाशी झाली होती, आणि मी ते प्रकरण निकाली काढल्याची नोंद केली होती, स्वच्छ अक्षरात.

*

नवव्या महिन्यात एका छोट्या खासगी लॅबने मारिसेलला घेतलं. पद, ग्लासवेअर वॉशर. म्हणजे केमिस्ट लोकांनी वापरलेल्या बाटल्या आणि काचेच्या बशा धुवायच्या. निरंजन म्हणाला, जाऊ नकोस. मी म्हणालो, जाऊ नकोस. ती म्हणाली, ‘‘बेसिन लॅबच्या आत आहे की बाहेर? आत आहे. मग मी चालले.’’ पण मनिलाला परतीचं तिकीट तिने पाहून ठेवलं होतं, तेही आम्हाला माहीत होतं.

महिन्याभरात तिथली अनुभवी अॅनालिस्ट ऑस्ट्रेलियाला गेली. मॅनेजर वेंडी यांनी तिच्या जागी दोन पदवीधर घेतले. पोरं चांगली होती, इथेच वाढलेली, इथेच शिकलेली. फक्त त्यांना बशीतले जंतू मोजता येत नव्हते. वेंडीबाईंना वेळ नव्हता. बेसिनपाशी उभी असलेली मारिसेल दिसली. ‘‘तुला हे येतं ना? जरा दाखवतेस यांना? यू आर अ स्टार!’’

मारिसेलने हात पुसले आणि शिकवलं. तीन आठवडे, रोज सकाळी. दुपारी पुन्हा बाटल्या.

आता अशा लॅबमध्ये प्रत्येक प्रशिक्षणाचा कागद भरावा लागतो. कुणाला शिकवलं, काय शिकवलं, शिकवणाऱ्याचं नाव, शिकवणाऱ्याचं पद, सही. मारिसेलने रोजचा कागद रोज भरला. वेंडीबाईंनी न वाचता खाली सह्या केल्या.

अकराव्या महिन्यात बाहेरचे तपासनीस यायचे होते. त्यांनी नापास केलं तर लॅबचा परवानाच जाणार. त्या दिवशी सकाळी वेंडीबाईंनी पहिल्यांदा ती फाईल उघडली आणि धावत बेसिनपाशी आल्या.

‘‘मारिसेल, हे काय लिहिलं आहेस? दोन्ही अॅनालिस्टना प्रशिक्षण कुणी दिलं, तर ग्लासवेअर वॉशरने?’’

‘‘येस, मॅम.’’

‘‘पंधराच्या पंधरा कागदांवर?’’

‘‘येस, मॅम. पंधरा दिवस शिकवलं.’’

‘‘तपासनीस हे बघतील तर आमचं काय होईल? नवे कागद कर, पटकन!’’

‘‘मॅम, झालेला कागद फाडता येत नाही. भिंतीवर नियम लावला आहे.’’

‘‘मग दुरुस्त कर! सीनियर अॅनालिस्ट लिही. प्लीज!’’

मारिसेलने हातमोजे काढले. हात पुसले. पेन घेतलं आणि पहिल्या कागदावरच्या ‘ग्लासवेअर वॉशर’वर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी ‘सीनियर अॅनालिस्ट’ लिहिलं. बाजूला आद्याक्षरं केली.

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. वेंडीबाई खिडकीकडे बघत होत्या.

मारिसेलने पेन तसंच धरून ठेवलं आणि विचारलं,

‘‘मॅम, नेमणूक कुठल्या तारखेपासून लिहू?’’